विसरवाडीचा नीरा सप्ताह व माझी शिस्त

१९ जानेवारी १९५८, रविवार. विसरवाडी.

आजपासून रोजनिशी. डायरी सोसायटीच्या कपाटातली, गेल्या सालची. छापलेले वार सगळे चुकीचे, ते मी खोडून बरोबर लिहितो. माणसाने मनावर घेतलं तर गेलेलं सालसुद्धा दुरुस्त होतं.

मी हिलाल पाटील, वय छत्तीस, जंगल कामगार सोसायटीत कारकून. आजपासून दारू बंद करत आहे. तशी ती सरकारने आठ वर्षांपूर्वीच बंद केलेली आहे. मी फक्त सहकार्य करतो आहे.

नियम पहिला: घ्यायची नाही. नियम दुसरा: घेतलीच तर कारण लिहायचं. बिनकारणाचा पितो तो दारुडा. माझ्या बाबतीत तसं आजवर एकदाही झालेलं नाही.

भिकूबाई म्हसावदला माहेरी आहे. दीड महिना झाला. सारंगखेड्याच्या जत्रेत जो गैरसमज झाला तेव्हापासून. त्याबद्दल सविस्तर नंतर लिहीन.

२० जानेवारी.

घेतली. दोन घोट. कारण: थंडी. घाटाकडून वारा येतो तो सरळ छातीत शिरतो. औषध आणि दारू यांत फरक असतो, पण तो घेणाऱ्यालाच कळतो.

२१ जानेवारी. संध्याकाळी ६.

घेतली नाही.

रात्री ८. घेतली. कारण: सहापर्यंत न घेतल्याचं समाधान.

२३ जानेवारी, गुरुवार.

दुपारच्या बसने नथ्थू आला. भिकूबाईचा भाऊ. घरात आल्यावर पाणी प्यायच्या आधी कोनाड्यात डोकावला. असे संस्कार.

बहिणीचा निरोप सांगितला. पाव्हना, म्हणे, तापीमायना पानीवर तीन शपथा खाध्यात तुम्हीन, आते तिले पुन्हा तरास देऊ नका. म्हणजे चौथी शपथ चालणार नाही. पुरावा पाहिजे.

पुरावा असा: इथे ३० तारखेपासून नीरा सप्ताह आहे. चुनीलालभाई चालवतात. चुनीलालभाई तापीकाठचे गुजराती, सर्वोदयवाले, खादी घालतात आणि खोटं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी गप्पा फार वेळ चालत नाहीत. मी सप्ताहात स्वयंसेवक व्हायचं. सहा फेब्रुवारीला समारोपाच्या दिवशी भिकूबाई बसने येणार. हिलालभाऊचं तोंड आठवडाभर स्वच्छ होतं, एवढं चुनीलालभाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर ती इथेच राहणार. नाहीतर त्याच बसने परत, आणि मग पुन्हा यायची नाही.

नथ्थूसमोर मी हसलो. तो गेल्यावर मात्र बराच वेळ दारात उभा होतो.

जत्रेचं लिहून टाकतो. बैल बघायला गेलो होतो. घोड्यांच्या रांगेत एक पांढरी घोडी एकटी उभी होती, तिच्या तब्येतीची चौकशी केली. मग तिच्या पायाशी जरा डोळा लागला. नथ्थूने मला उचलून गाडीत घातलं आणि अंगावरच्या कडब्यासकट भिकूबाईपुढे नेऊन ठेवलं. जत्रेत हजार माणसं झोपतात, बोभाटा माझ्याच झोपेचा झाला. भिकूबाईने गाठोडं बांधलं आणि भावाच्या गाडीत बसली. मी ओरडून विचारलं, जेवायचं काय? आता वाटतं, दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं.

२५ जानेवारी.

चुनीलालभाईंना भेटलो. हायवेच्या फाट्यावर, बस थांबते तिथे मांडव पडणार. त्यांनी नीरा समजावून सांगितली. ताडाचा ताजा रस. झाडावर मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं, ऊन चढायच्या आत प्यायचं. गोड, थंड, निरुपद्रवी. तोच रस आंबला की ताडी. लोकांना नीरेची गोडी लागली की दारू आपोआप सुटेल, असं त्यांचं म्हणणं.

ताडीचा काही अनुभव, असं त्यांनी विचारलं. अजिबात नाही, मी म्हणालो. हे अक्षरशः खरं आहे. मी मोहाचीच घेतो.

बहु सरस, म्हणाले, आणि माझ्या छातीला फीत टाचली. त्यांनी भिकूबाईबद्दल सगळं ऐकलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हिलालभाई, मला फक्त खरं बोलायची संधी द्या. मला गहिवरून आलं.

घेतली. कारण: गहिवर. ही शेवटची, सप्ताह सुरू होण्याआधीची, त्यामुळे धरायची नाही.

३० जानेवारी, गुरुवार.

पहाटे पाचला हजर. टोपी, फीत, हातात पेले. जामसिंग आणि त्याच्या वाडीतली माणसं मडकी घेऊन आली. जामसिंग साठीचा असेल, पण ताडावर असा चढतो की आपण जिना चढताना लाजावं. बोलतो कमी. मी घोषणा दिल्या. चार ट्रकवाले आणि एक बस प्यायली. एका ड्रायव्हरने पेला रिकामा केला, तोंड पुसलं आणि विचारलं, बाकीची कधी येणार?

घेतली नाही.

३१ जानेवारी.

घेतली नाही. हात थरथरतात. तीन पेले फुटले. चुनीलालभाईंनी मला पितळी पेले दिले.

१ फेब्रुवारी, शनिवार.

घेतली नाही. तिसरा दिवस. खरं सांगायचं तर आज बरं वाटलं. सकाळी भूक लागली. कित्येक महिन्यांत अशी लागली नव्हती. कळण्याची भाकर आठवली, ज्वारी-उडदाची, तिच्या हातची, कडेला जरा करपलेली.

मी घरी आलो की भिकूबाई पेटती चिमणी तोंडापुढे धरून म्हणायची, फुंका. मी फुंकायचो. ती अगदी जवळ उभी असायची. लग्नानंतर दोन वर्षं मला वाटत होतं की म्हसावदकडे ही प्रेमाची काही रीत असावी.

ठरवलं: ती यायच्या आत स्वयंपाकघर चुन्याने पांढरं करायचं. धुराने भिंती काळ्या झाल्या आहेत. नवीन सुरुवात पांढऱ्या भिंतीने.

२ फेब्रुवारी.

घेतली नाही. चौथा दिवस.

आज एक गंभीर गोष्ट नजरेस आली. जामसिंगच्या सगळ्या मडक्यांना आतून चुना फासलेला असतो. आतून! लोक यातून पितात. समारोपाला धुळ्याहून मोठे साहेब येणार, आणि त्यांना आम्ही भिंतीला लावायचा चुना पाजणार? जामसिंगला विचारलं. तो म्हणे, भाऊसाहेब, चुना शे म्हणीसन ते गोड ऱ्हास. चुना काढा का दिन उगताच ताडी व्हस. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिल्यामुळे स्वच्छतेची कल्पना येत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

स्वच्छता खातं माझ्याकडे द्यावं अशी चुनीलालभाईंकडे मागणी केली. मिळालं. ते खूश झाले.

३ फेब्रुवारी.

शास्त्रीय प्रयोग. जामसिंगकडून एक कोरं मडकं मागून घेतलं, बिनचुन्याचं. त्यातली नीरा घरी आणली आणि झाकून ठेवली. दुपारी बाराला चव घेतली. चुन्याच्या नीरेपेक्षा कितीतरी भरीव. अंगात एक प्रकारची ऊब. दुसऱ्या पेल्यानंतर हाताची थरथर पूर्ण थांबली. यावरून सिद्ध होतं की चुन्यामुळे नीरेतलं सत्त्व मरतं. जामसिंगचं म्हणणं मी मनातून काढून टाकलं आहे.

दारू घेतली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

एकाच प्रयोगावर निष्कर्ष काढणं बरोबर नाही. आज तीन मडकी. निष्कर्ष तोच.

संध्याकाळी चुनीलालभाई भेटले. मी त्यांच्यापासून जरा लांब उभा राहिलो, आदराने. ते म्हणाले, दोन दिवस राहिले, हिलालभाई, परवा मी तुमच्या घरच्यांना आनंदाने सांगेन. मी मान हलवली. बोललो नाही. शब्दांपेक्षा मौन चांगलं.

दारू घेतली नाही. हे मी मुद्दाम ठळक लिहितो आहे.

५ फेब्रुवारी.

ऐतिहासिक दिवस. सगळी मडकी नाल्यावर नेऊन राखेने घासून घेतली. माझ्या देखरेखीखाली. जामसिंगची माणसं हसत होती, जामसिंग हसत नव्हता. तो दोनदा म्हणाला, भाईले इचारा. चुनीलालभाई नवापूरला गेले होते, पाहुण्यांच्या व्यवस्थेसाठी. खातं माझं, तर विचारायचं कुणाला?

आज रात्री झाडांना स्वच्छ मडकी लागतील. केंद्रातला उरलेला चुना आता कुणाच्याच कामाचा नव्हता, तो घरी आणला आणि स्वयंपाकघर रंगवलं. दोन हात दिले. भिंती अशा उजळल्या की चिमणी न लावता दिसतं. चुलीपाशी उभा राहून बघत बसलो. ती म्हणेल, तुम्हीन केलं? मी म्हणेन, मग कुणी?

प्रयोगाचं एक मडकं शिल्लक होतं. फेकवेना.

६ फेब्रुवारी, गुरुवार. पहाटे ५.

समारोप. हवा छान. मडकी भरभरून आली, आतून लखलखीत. साहेब सातला येणार. पहिला पेला त्यांच्या हस्ते, तोवर कुणालाही द्यायची नाही असा शिस्तीचा नियम मी केला.

सकाळी ९. साहेब आले नाहीत. जीप घाटात अडकल्याची बातमी. चुनीलालभाई जीपच्या मदतीला ट्रकने गेले. मांडव माझ्या ताब्यात. ऊन चढतं आहे. मडक्यांवर बारीक फेस. ताजेपणाचं लक्षण.

सकाळी १०. स्वच्छता खात्यातर्फे तपासणी. प्रत्येक मडक्यातून एक पेला. मडकी सतरा.

सकाळी ११. जामसिंगने मडक्याला नाक लावलं आणि आपल्या माणसांना घेऊन चिंचेखाली जाऊन बसला. परत काही बोलला नाही. अखेर पटलं.

दुपारी १२. बस, ट्रक, बैलगाड्या, सगळे खोळंबलेले. जनतेला ताटकळत ठेवणं हा कुठला न्याय? वाटप सुरू केलं.

दुपारी १. अपूर्व! आठवडाभरात एकूण पन्नास माणसं प्यायली नसतील, आज तीनशे! लोक पेले घेऊन पुन्हा रांगेत उभे राहतात. ज्या ड्रायव्हरने बाकीची कधी येणार विचारलं होतं तो माझ्या गळ्यात पडला, म्हणाला, भाऊ, आली. गावोगाव सोंगं करत फिरणाऱ्या सोंगाड्या पार्टीच्या ढोलकीवाल्याला बसमधून उतरवलं. कंडक्टर नाचतो. नशाबंदीच्या घोषणा लोक आपण होऊन देतात, मोठ्याने, चाल लावून. चुनीलालभाईंचं स्वप्न साकार!!

दुपारी २. साहेब आले. पेला दिला. प्यायले. माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणखी मागितला.

दुपारी २॥. चुनीलालभाईंनी एक घोट घेतला आणि खाली बसले. उन्हाचा त्रास असावा. त्यांच्या वयाला

बस दिसते. म्हसावदकडून येणारी हीच. भिकूबाई! अक्षर नीट येत नाही, डायरी हलते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

कालचं आज लिहितो.

बसमधून आधी नथ्थू उतरला, मग ट्रंक, मग गादीची वळकटी, मग पापडांचा डबा, मग भिकूबाई. म्हणजे ती सगळं घेऊन आली होती. वर्षाचे पापड कोणी भेट द्यायला आणत नाही.

मी स्वागताचं भाषण केलं. काय बोललो ते आठवत नाही. ढोलकी साथीला होती असं लोक सांगतात. नथ्थूला तहान लागली होती. त्याला प्रेमाने चार पेले दिले. चौथ्यानंतर तो मला मिठी मारून रडला आणि बहिणीला सांगू लागला, पाव्हना सोनाना मानूस शे वं, मीच चुकनू. माझ्या बाजूने इतकी भक्कम साक्ष आजवर कुणी दिली नव्हती. पण देताना तो ट्रंकेवरून पडला.

भिकूबाई चुनीलालभाईंकडे गेली. पदर सारखा केला, वाकून नमस्कार केला आणि काही न विचारता उभी राहिली. तो माणूस वर बघेना. मग म्हणाला, बेन, पहिल्या चार दिवसांचं मी सांगू शकतो. पुढचं मला सांगता येणार नाही.

मी पुढे झालो. म्हणालो, ही दारू नाही, नीरा आहे, सरकारमान्य. चिमणी आण, आत्ता फुंकतो, इथे, सगळ्यांसमोर. भरदुपारी चिमणी कुठून येणार? पण ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या. अगदी हळू म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने कधी ऱ्हाऊ द्या म्हटलं नव्हतं.

मग मला युक्ती सुचली. लेखी पुरावा! डायरी तिच्या हातात दिली. ही रोजची नोंद, यात काही लपवलेलं नाही, म्हणालो. ती शाळेत चौथीपर्यंत शिकलेली आहे. ट्रंकेवर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागली, ओळीखाली बोट धरून. सावली मांडवाच्या खांबापासून रस्त्यापर्यंत गेली तरी वाचत होती. एका ठिकाणी हसली. घोडीचं असावं. कळण्याच्या भाकरीच्या पानावर बोट बराच वेळ थांबलं. मला वाटलं, जिंकलो.

संपवून तिने डायरी मिटली, पदराने पुसून परत दिली. म्हणे, यामा तुम्हीन खोटं काहीच लिखेल नही.

मी म्हणालो, तेच तर!

ती म्हणे, मी समजे तुम्ही मन्हासंगे खोटं बोलतस. खोटं बोलनारा मानूस एक दिन थकस. तुम्हले ते हाई सगळं खरंच वाटस. आते मी काय करू?

मी म्हणालो, घरी चल, भिंती बघ, मी पांढऱ्या केल्यात. तिने घराच्या दिशेने पाहिलं. फाट्यावरून आमचं घर दिसत नाही. मग तिच्याच बसच्या कंडक्टरला, तोही एव्हाना नाचून दमला होता, तिने उठवलं. ट्रंक वर चढवायला जामसिंगने हात दिला. नथ्थूला दोघांनी चढवलं. गंमत म्हणजे त्याच्याही अंगावर मांडवाचा कडबा होता.

पापडांचा डबा ती खाली ठेवून गेली. विसरली असं नाही. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून तिने त्याच्याकडे बघितलं होतं.

८ फेब्रुवारी.

नीरा केंद्र बंद. झाला प्रकार आपल्या हलगर्जीपणामुळे झाला, असं चुनीलालभाईंनी वर लिहून कळवलं. माझं नाव कुठेही घातलं नाही. मी हे त्यांच्याकडूनच ऐकलं आणि म्हणालो, खरं बोलणाऱ्या माणसाने असं लिहावं? ते म्हणाले, खरंच लिहिलंय, हिलालभाई, मडकी मी तुमच्या हातात दिली.

जामसिंग भेटला. वाडीतल्या माणसांचं काम गेलं. मला वाटलं शिव्या देईल. त्याने फक्त विचारलं, बाई उनी का परत? नही, मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि बाजाराच्या वाटेला लागला.

नवीन योजना: (१) नथ्थूला पत्र. (२) सारंगखेड्याच्या पुढच्या जत्रेत आपण होऊन स्वयंसेवक. (३) तापीवर जाऊन चौथी

तिसरं खोडलं.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

भाकरी केली. जमली नाही. पापड भाजला, तो जमला.

स्वयंपाकघर फार पांढरं दिसतं. चुलीमागे मी दिलेला हात वाळला आहे आणि चुना बोटाला लागतो. चुना काढला की ताडी होते, हे जामसिंगने सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. २ तारखेच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आज वाचून पाहिलं.

आज थंडी नाही. गहिवर नाही. पाहुणे नाहीत, तपासणी नाही, कुणी काही बोललं नाही. पहिल्या पानावरचा नियम दुसरा पुन्हा वाचला.

घेतली. कारण काही नाही.